उजवीकडची खिडकी

आईचा प्रवासातला एक नियम होता आणि तो तिनं कधी मोडला नाही. भिवापूरला आजोळी जायचं तर गाडीत उजवीकडची खिडकी धरायची, आणि तिकडून परत यायचं तरीही उजवीकडचीच. लहानपणी मला वाटायचं उजवी बाजू शुभ असते म्हणून असेल. पुढं शाळेत दिशा शिकले तेव्हा लक्षात आलं की ते सगळं उन्हाचं गणित आहे. नागपूरच्या इतवारी स्टेशनहून लाईन आग्नेयेला जाते, सकाळची गाडी म्हणजे सूर्य पूर्वेला, म्हणजे ऊन डाव्या अंगाला. संध्याकाळी परत येताना गाडीचं तोंड वायव्येला आणि सूर्य पश्चिमेला कललेला, म्हणजे ऊन पुन्हा डाव्याच अंगाला. सावली कुठून कुठं सरकते हे नागपूरच्या बाईला कोणी शिकवावं लागत नाही.

पण त्यामुळं झालं असं की जाताना मी रुळाच्या एका बाजूचं सगळं पाहिलं आणि येताना दुसऱ्या बाजूचं, आणि डोक्यात त्या दोन वेगवेगळ्या लाईनी होऊन बसल्या. जायच्या लाईनीवर बोडी, म्हणजे छोटं तळं होतं, बोडीत म्हशी होत्या, यायच्या लाईनीवर वीटभट्टी होती आणि एक एकटंच पळसाचं झाड. ही दोन्ही एकाच रुळाच्या दोन बाजूंना समोरासमोर असतील हे मला मोठी होईपर्यंत सुचलंच नाही.

ती छोटी लाईन. आम्ही सगळे तिला छोटी लाईनच म्हणायचो, नॅरोगेज हा शब्द नंतर आला. अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर अंतराचे रूळ, झेडडीएम जातीचं डिझेल इंजिन, आणि डबे इतके अरुंद की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागायचे. इतवारी, कुही, उमरेड, भिवापूर, नागभीड. भिवापूरपर्यंत तीन-चार तास सहज जायचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेज करण्यासाठी ही लाईन बंद केली. त्याआधी २०१५ मध्ये छिंदवाड्याकडची छोटी लाईन बंद झालीच होती. ब्रॉडगेज व्हायलाच पाहिजे होतं, त्या भागातल्या लोकांनी वर्षानुवर्षं मागणी केली होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते रूळ उखडले त्या वर्षी मी एकदाही तिकडं गेले नाही, आज जाऊ उद्या जाऊ करत राहिले, आणि ते मला अजून लागतं.

आता मॉडेल ट्रेनचं, म्हणजे तीच लाईन मी लहान मापात घरात कशी मांडली त्याचं. पोराच्या वाढदिवसाला कोणीतरी छोटा सेट दिला, त्यानं तो महिनाभर खेळला आणि सोडला, आणि मी धरला. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, दिवसभर बारीक वस्तूंशीच काम, त्यामुळं हात स्थिर आहे आणि चिमटा धरायची सवय आहे. वाचता वाचता कळलं की एचओ नावाचं एक माप आहे, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं. आणि एन नावाचं त्याहून लहान, एकशेसाठाव्या हिश्श्याचं, त्याच्या दोन रुळांतलं अंतर ९ मिलिमीटर. एका रात्री सहज म्हणून ७६२ ला ८७ नं भागलं, उत्तर आलं ८.७६. म्हणजे जवळजवळ ९! म्हणजे आपल्या छोट्या लाईनीचा डबा एचओ मापात बनवला तर तो एनच्या रुळावर अगदी नीट बसतो. ही काही मी लावलेली युक्ती नाही, युरोपात नॅरोगेजवाले कित्येक वर्षांपासून हेच करतात, त्याला एचओई म्हणतात. पण मला ती रात्री साडेअकरा वाजता माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर सापडली आणि मी पोराला उठवून सांगितलं.

तर वरच्या खोलीत भिंतीला लागून अठरा फुटांची फळी आहे, दहा फूट एका भिंतीला आणि आठ फूट दुसऱ्या भिंतीला, कोपऱ्यात वळण. फळीची रुंदी दीड फूट. एका टोकाला इतवारी, दुसऱ्या टोकाला भिवापूर, मध्ये उमरेडचा एक तुकडा. अठरा फूट ऐकायला पुष्कळ वाटतं पण ८७ नं गुणलं तर जेमतेम ४८० मीटर होतात, पाऊण-शे किलोमीटरच्या वाटेतले. इंजिनाची चाकं-मोटर काटो या जपानी कंपनीची, एन मापाची, त्यावर प्लॅस्टिक शीट कापून अंग मी चढवलं. एक मित्र म्हणाला की नागपूरचं मॉडेल करायचं तर डायमंड क्रॉसिंग कर, चारही दिशांच्या लाईनी एकमेकींना कापतात ते, लोक बघायला येतील. खरंय, पण मी काय डायमंड क्रॉसिंगवरून आजोळी जात नव्हते.

कॅमेऱ्याची कल्पना पोराची. ड्रोनला लावतात ते बोटाच्या पेराएवढे कॅमेरे असतात, चार-पाच ग्रॅमचे, कॅमेरा आणि ट्रान्समीटर एकाच तुकड्यात, वर छोटीशी अँटेना. ५.८ गिगाहर्ट्झवर चित्र पाठवतात आणि फोनला ओटीजी तारेनं जोडायचा एक रिसीव्हर मिळतो, झालं. गाडीवर कॅमेरा लावायची हौस तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीनं १९८० च्या दशकाच्या शेवटी इंजिनात कॅमेरा बसवून विकला होता, काळं-पांढरं चित्र रुळातूनच टीव्हीपर्यंत यायचं. आणि जानेवारी २०१६ मध्ये गूगलनं हॅम्बुर्गच्या मिनिआटूर वुंडरलँडचं स्ट्रीट व्ह्यू केलं, तेव्हा इवल्याशा गाड्यांवर इवलेसे कॅमेरे बसवून त्या रस्त्यांवरून आणि रुळांवरून फिरवले.

सगळ्यांसारखा मीही पहिला कॅमेरा इंजिनाच्या तोंडावर लावला. पहिल्या दिवशी आम्ही दोघं किती वेळ खोलीतून हललोच नाही. रूळ समोरून येतायत आणि खाली जातायत, वळण येतं, उमरेडचा फलाट अंगावर येतो. फार छान वाटलं. पंधरा दिवस छान वाटलं आणि मग माझा उत्साह कमी व्हायला लागला आणि मला कारण कळेना. फळीत काही चूक आहे का, रंग चुकला का, असं दोन-तीन आठवडे उगाच इकडंतिकडं डागडुजी करत बसले. एका रविवारी आई वर आली, फोनमध्ये पाहिलं आणि म्हणाली, "चांगलं आहे व. पण हे तर ड्रायव्हरले दिसते. आपल्याले कुठं असं दिसत होतं?"

बस. इंजिनाच्या तोंडाशी मी आयुष्यात कधी बसले नव्हते. रूळ समोरून येताना मी कधी पाहिलेच नाहीत. माझी सगळी छोटी लाईन आडवी आहे, उजवीकडच्या खिडकीत येणारी आणि मागं जाणारी. चालत्या कॅमेऱ्यानं काढलेल्या अगदी पहिल्या चित्रांपैकी एक १८९६ चं, व्हेनिसचं, ल्युमिएर बंधूंच्या कॅमेरामननं होडीत बसून काठाकडं तोंड करून घेतलेलं, तेही आडवंच आहे. इंजिनापुढं कॅमेरा बांधायची टूम त्यानंतरची. मी त्याच संध्याकाळी कॅमेरा इंजिनावरून काढला.

डब्यात बसवणं मात्र इंजिनाच्या तोंडावर चिकटवण्याइतकं सोपं नव्हतं. डब्याची रुंदी २६ मिलिमीटर, कॅमेरा आडवा बसवायचा तर लेन्सपासून मागच्या सर्किटपर्यंतची लांबी मोजून मोजून. आधी मी ईएसपी३२-कॅम नावाचा वायफायवाला कॅमेरा आणला होता, स्वस्त आहे आणि त्यावर शिकायला खूप मिळतं, पण त्याचं बोर्डच २७ बाय ४० मिलिमीटर, डब्याबाहेर यायचं. आणि मुख्य म्हणजे वायफायचं चित्र अडखळतं. इंजिनाच्या तोंडावर असताना ते अडखळणं एवढं जाणवत नाही, पण आडव्या चित्रात जवळचे खांब सर्रकन जायचे असतात, तिथं चित्र जरा थांबून पुढं उडी मारतं तेव्हा गाडीत बसल्याची भावनाच जाते. ड्रोनच्या ॲनालॉग कॅमेऱ्यात चित्र साधं आहे, मधूनमधून मुंग्या येतात, जुन्या टीव्हीसारख्या, पण ते वाहतं. डोळा मुंग्या माफ करतो, अडखळणं नाही करत. हे माझं ठाम मत आहे आणि कोणी कितीही मेगापिक्सेल सांगितले तरी ते बदलणार नाही.

पहिला ॲनालॉग कॅमेरा मी जाळला. बर्डीच्या बाजारातून आणलेली बॅटरीची पिन आणि कॅमेऱ्याची पिन सारखीच दिसत होती पण आतल्या तारा उलट्या होत्या, लाल जागी काळी. मी मीटर न लावता जोडली. बारीक चर्र आवाज आला आणि तो वास, जळक्या सर्किटचा, दोन दिवस खोलीत होता. हजाराच्या वर पैसे गेले त्याचं वाईट वाटलं पण जास्त वाईट ह्याचं वाटलं की लॅबमध्ये मी नळीवरचं लेबल दोनदा वाचल्याशिवाय हात लावत नाही आणि इथं एकदाही पाहिलं नाही. आता प्रत्येक पिन मीटरनं तपासते.

दुसऱ्या कॅमेऱ्याचा फोकस लांबचा होता. हे कॅमेरे ड्रोनसाठी असतात, त्यांना झाडं-इमारती नीट दिसायला हव्यात, रुळाकाठचं गवत तीन सेंटिमीटरवर आहे ह्याच्याशी त्यांना काही घेणं नसतं. फॅक्टरीत लेन्सच्या आट्यांवर गोंदाचा एक थेंब लावलेला असतो. तो मी ब्लेडच्या टोकानं हळूहळू खरवडून काढला, मग लेन्स दोन बोटांत धरली आणि फोनकडं बघत बघत सैल करत गेले. पाव फेरासुद्धा लागला नाही. मायक्रोस्कोपचा फाइन नॉब फिरवताना जसं आधी सगळं धुरकट असतं, मग कडा दिसतात आणि मग एकदम पेशी समोर उभी राहते, तसंच अगदी. धुक्यातून आधी काहीतरी लाल उगवलं, मग त्याला दाणे फुटले, आणि मग भिवापूरच्या स्टेशनमागचं मिरच्या वाळवायचं अंगण समोर आलं.

त्या अंगणाचं सांगते. भिवापूर मिरचीचं गाव, मामाच्या घरामागं पण अंगणभर मिरच्या पसरलेल्या असायच्या, आणि गाडी तिथं हळू झाली की डब्यात सगळे शिंकायचे. ते अंगण करायला मी आधी लाल रंग मारला होता, वरून पाहिलं तर चांगला दिसायचा. कॅमेऱ्यानं पाहिलं तर लाल प्लॅस्टिकची चादर अंथरल्यासारखं. मग आईनं डब्यातलं जाडसर कांडलेलं तिखट दिलं. त्याचा एक कण तीन-साडेतीन दशांश मिलिमीटरचा धरला तर ८७ नं गुणून तीन सेंटिमीटर होतो, म्हणजे मिरचीएवढाच! पातळ फेविकॉलवर ते तिखट भुरभुरलं, वाळलं, आणि कॅमेऱ्यातून एकेक मिरची वेगळी दिसायला लागली, काहींवर उजेड पडून चकाकणाऱ्या, काही सुरकुतलेल्या. भिवापूरची मिरची भिवापूरच्या मिरचीनंच केली आहे, आणि ते अंगण पुसताना अजूनही शिंका येतात.

कॅमेऱ्याची उंची मी मुद्दाम रुळापासून सव्वादोन सेंटिमीटर ठेवली, बाकावर बसलेल्या सात-आठ वर्षांच्या पोरीचे डोळे साधारण तिथंच येतील. आणि तिथून जे दिसतं ते वरून पाहणाऱ्या माणसाला कधीच दिसत नाही. वरून आपण मालक असतो, सगळं एका नजरेत, कुठं काय लावलंय ते माहीत असतं. खालून काही माहीत नसतं. एका ठिकाणी बांधावर मला मोठं गोल-गोल रेषांचं शेत दिसलं, वाटलं हे मी कधी केलं, जाऊन पाहिलं तर प्लॅस्टर ओलं असताना तिथं माझा अंगठा टेकला होता. तो मी तसाच ठेवून त्यावर धानाची बांधी केली, अंगठ्याच्या रेषांवर सुतळीचे धागे कापून लावले, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं लावल्यासारखे.

खिडकीला गज करायचे की नाही ह्यावर माझं मन बरेच दिवस ठरत नव्हतं. गज केले तर चित्रात येणार. मी मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे म्युझियममध्ये गेले, २००२ मध्ये सुरू झालेलं ते, इतवारीपासून फार लांब नाही, तिथं जुना डबा उभा आहे. खिडकीजवळ बराच वेळ उभी राहिले. गजावर गाल टेकवून पाहायची सवय होती मला, लोखंडाचा वास यायचा आणि गालावर काळी रेघ उठायची, आई ओल्या रुमालानं पुसायची. गजाला इतकं जवळून पाहिलं तर तो गज दिसतच नाही, एक धुरकट पट्टा दिसतो आणि त्याच्यामागून शेत जातं. घरी आले आणि ०.३ मिलिमीटरच्या तारेचे आडवे गज लावले. कॅमेऱ्यात ते तारा म्हणून दिसतच नाहीत, लेन्सच्या अगदी समोर असल्यानं दोन मऊ करड्या पट्ट्या दिसतात, आणि त्या पट्ट्यांमुळंच ती खिडकी वाटते. पट्ट्या नव्हत्या तेव्हा नुसता व्हिडिओ होता.

वेगाबद्दल एक सांगायचं आहे कारण मॉडेल ट्रेनच्या व्हिडिओंमध्ये नव्वद टक्के लोक इथंच चुकतात असं मला वाटतं. छोटी लाईन ताशी तीसेक किलोमीटरनं जायची. त्याला ८७ नं भागलं तर सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर येतात. म्हणजे माझी अठरा फुटं पार करायला जवळपास एक मिनिट लागायला हवा. हातात कंट्रोलर असला की बोट आपोआप पुढं जातं, आणि गाडी वीस सेकंदांत भिवापूरला. मी फळीवर दोन खुणा केल्या आहेत, मध्ये एक मीटर अंतर, ते दहा-अकरा सेकंदांत यायला हवं. घड्याळ लावून शिकले.

बॅटरी कॅमेऱ्याच्या शेजारच्या डब्यात आहे, १५० एमएएचची, दोन डब्यांमधून केसासारख्या दोन तारा. रुळातून करंट घेता आला असता, पण साध्या डीसी कंट्रोलरवर गाडी थांबली की रुळातला करंटही बंद, म्हणजे स्टेशन आलं की खिडकी काळी, आणि स्टेशनवरच तर बघायचं असतं. शिवाय उन्हाळ्यात कूलर लावला की खोलीत दमट हवा, रूळ मळतात, करंट तुटत राहतो. बॅटरीवर अर्धा तास चालतं, पुरतं. पण मे महिना ह्या सगळ्याला सोसत नाही. गच्चीला लागून असलेली खोली, बाहेर पंचेचाळीस, कॅमेरा एरवीच हाताला चटका बसेल इतका तापतो, तर मेमध्ये पाच मिनिटांत चित्रात आडव्या रेघा आणि मग बंद. एक बॅटरी फुगली पण. तेव्हापासून बॅटऱ्या खाली माठाजवळच्या कोनाड्यात ठेवते आणि मेमध्ये पहाटे पाचला गाडी चालवते.

डोंगराचं काय झालं ते सांगते. भिंतीवर मी मागच्या बाजूला एक निळसर डोंगर रंगवला होता, तीन आठवडे लागले, मला तो फार आवडायचा. आईनं चित्र पाहून म्हटलं, "डोंगर पयून राहिला न." मी म्हटलं गाडी चालते तर पळेलच. तर म्हणे, "जवळचं पयते. डोंगर कुठं पयते? तो तर संग येते."

अगदी खरं. खरा डोंगर पाच-सहा किलोमीटर लांब असतो म्हणून तो गाडीसोबत चालतो. माझा डोंगर गाडीपासून चौदा इंचांवर आहे, खऱ्या हिशोबात तीस मीटर, म्हणजे एखाद्या घरामागच्या भिंतीवर रंगवल्यासारखा. तो दहा-बारा सेकंदांत खिडकीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि डोळ्याला लगेच कळतं की हे खोटं आहे. मी पुष्कळ प्रयत्न केले, डोंगर फिका केला, पुढं झाडांची एक रांग लावली, तिच्या पुढं अजून एक, काही होईना. शेवटी पांढरा रंग घेतला आणि डोंगर पुसला. आता तिथं नुसतं आकाश आहे, वर निळं आणि खाली येता येता धुळीनं पांढरं झालेलं, त्या पट्ट्यात खरंतर असंच दिसतं. रिकाम्या आकाशावर खूण नसते म्हणून ते हलतंय हे कळत नाही. गाडीसोबत येणारं काही करायचं तर माझ्याजवळ जागाच नव्हती, दीड फुटाच्या फळीत लांबचं काही मावत नाही, ते मी सोडून दिलं.

सावली मात्र जमली, आणि ती जमली ह्याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे. सकाळच्या गाडीत ऊन डावीकडून यायचं, म्हणजे डब्यांची सावली आमच्या बाजूच्या शेतात पडायची आणि गाडीच्या बरोबरीनं धावायची, बांध आला की वर चढायची, खड्डा आला की खाली उतरायची, खिडक्यांच्या जागी उजेडाचे चौकोन, आणि त्यातल्या एका चौकोनात आपलं डोकं आहे का ते मी हात हलवून शोधायचे. आमच्या वयाची सगळी पोरं हात हलवायची. ही सावली मी विसरून गेले होते. ट्यूबलाईटच्या उजेडात सावली पडतच नाही, सगळीकडून सारखा उजेड. मग एकच बारीक चिप असलेली टॉर्च आणली, समोरच्या कपाटावर, जमेल तेवढी लांब आणि सकाळच्या सूर्याएवढी तिरपी ठेवली, बाकी दिवे बंद. घरातल्या एलईडी बल्बनं चित्रात पट्टे सरकत होते, बॅटरीवरच्या टॉर्चनं ते होत नाही. गाडी इतवारीहून निघाली, आणि फोनमध्ये खाली गवतावर डब्याची सावली धावायला लागली. धानाच्या बांध्यांवरून, माझ्या अंगठ्यावरून, बोडीच्या पाळीवर चढली आणि पाण्यावर आडवी झाली. चौकोनांतून उजेड जात होता. मी काही बोलले नाही, पोरगाही नाही बोलला.

हे सगळं जायच्या बाजूचं. यायची बाजू राहिली होती. भिवापूरला गाडी पोचली की कॅमेऱ्याचा डबा उचलून फिरवायचा, म्हणजे परत येताना खिडकी पुन्हा उजवीकडं. पण परतताना उजवीकडं भिंत नाही, खोली आहे. फळीच्या ह्या कडेला मी वीटभट्टी केली, ते पळसाचं झाड केलं, तांब्याच्या तारा पिळून, फुलांना केशरी खडूचा चुरा. पण फळीची कडा संपली की पुढं खोली. कूलर, दोरीवरचे कपडे, पोराची सायकल. मला वाटलं एक पांढरा पडदा शिवावा, आकाशाचा, आणि कॅमेरा चालवताना तो कडेला लावावा. कापड आणलं पण, महालच्या बाजारातून, पाच मीटर.

पडदा शिवायच्या आधी एकदा नुसतं बघावं म्हणून गेल्या महिन्यात संध्याकाळी गाडी परत आणली. आई दारापाशी खुर्चीवर बसली होती, फोन तिच्याच हातात होता, रिसीव्हर लावलेला. मी डबा फिरवला, टॉर्च डाव्या बाजूला नेली आणि कंट्रोलर हळूहळू पुढं घेतला. वीटभट्टी गेली. पळस आला, दोन करड्या पट्ट्यांमधून सावकाश गेला. कडेचं गवत सर्रसर्र जात होतं. आणि त्याच्यामागं, लांब, धुरकट, एक पांढरट मोठं काहीतरी होतं, वर निमुळतं आणि खाली पसरलेलं, आणि ते जातच नव्हतं. वीटभट्टीपाशी होतं, पळसापाशी होतं, उमरेडला होतं. जवळचं सगळं पळत होतं आणि ते गाडीच्या सोबत येत होतं.

आई फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहत होती. चित्रातल्या त्या पांढऱ्या आकारानंही काहीतरी डोळ्यांजवळ नेलं.

"हे मी होय का व?"

"हो."

तिनं डोक्यावरून पदर नीट केला आणि ताठ बसली. तोवर इतवारी आलं होतं.

"अजून एकदा घे न," ती म्हणाली. "अन् हळू घे. घाई काय आहे."

मी डबा उचलून पुन्हा भिवापूरला नेऊन ठेवला.